पणजोबा खरंच कुटच्या वेढ्यात होते का? लष्करी नोंद अशी पडताळा

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत 'आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला, कुटला लढले' असं सांगतात (दोन्ही ठिकाणं आजच्या इराकमधली). खरं असतंही ते. पण कागदाशी जुळवल्याशिवाय वंशावळीत उतरवू नका.

१. आधी घरातली ट्रंक उघडा. डिस्चार्जचा कागद, पेन्शनची पुस्तिका, गणवेशातला फोटो, पदक, जे असेल ते बाहेर काढा. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल सापडलं, तर राजाचा मुखवटा सोडून त्याची कड बघा. खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात, भिंगाखाली हळूहळू फिरवा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर ठोकलेली असते. चकचकीत करायला जाऊ नका, घासून अक्षरं जातात. आणि घरात 'व्हिक्टोरिया क्रॉस' (शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान) म्हणून जपलेलं पदक कधी कधी हेच निघतं. खऱ्या मानकऱ्यांची यादी छोटी आणि जाहीर आहे, पाच मिनिटांत सोक्षमोक्ष लागतो.

२. नुसत्या नावावर जाऊ नका. एकेका पलटणीत ढीगभर जाधव. नुसत्या नंबरावरही नको, कारण तेव्हा नंबर पलटणीपुरता असे. नंबर, पलटण, वडिलांचं नाव आणि गाव, चारही जुळायला हवेत.

३. पलटणीचा माग काढा. १९२२ मध्ये १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. तुर्कांनी घातलेल्या कुटच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) १०३, ११० आणि ११७ होत्या. कागदावर १०५ असेल, तर कुटची गोष्ट जरा बाजूला ठेवा आणि बदलीची नोंद शोधा. माणसं एका पलटणीतून दुसरीत जात.

४. युद्धात वारले असतील, तर महायुद्धांत वारलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं चार तऱ्हांनी घालून बघा. 'शिंदे' तिथे 'सिंदे' म्हणूनही असू शकतात. जिल्हे जुने धरा: रायगड म्हणजे कुलाबा, आणि सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता.

५. जिवंत परतले असतील, तर तिथे नाव सहसा सापडणार नाही. मग रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा: मराठ्यांसाठी बेळगाव, १९४१ मध्ये, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर. नंबर, पलटण, अंदाजे साल आणि तुमचं नातं स्पष्ट लिहा. पत्ता किंवा अर्जाची रीत अडली, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांचे. साध्या शिपायासाठी तिथवर धावू नका.

६. गावातल्या महायुद्धाच्या शिळेवर सहसा किती गेले आणि किती कामी आले एवढाच आकडा असतो. गावाला आधार मिळतो, माणसाला नाही.

वंशावळीत लिहिताना दोन वेगळ्या नोंदी जुळल्या तर 'खात्रीशीर', एकच असेल तर 'बहुधा', आणि नुसतं ऐकीव असेल तर कोणी सांगितलं त्याचं नाव.