माकडांमधले प्रतिरोधक जिवाणू मोजताय? या चुका टाळा

‘माकडांच्या विष्ठेतले शंभर टक्के ई. कोलाय (आतड्यातले जिवाणू) प्रतिजैविकांना प्रतिरोधक निघाले’ असं कुणी सांगितलं की आधी विचारावं, जिवाणू वाढवायच्या प्लेटमध्ये सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक घातलं होतं का? उत्तर ‘हो’ असेल तर चर्चा तिथेच संपली. लिटरला १ मिलिग्रॅम सेफोटॅक्झिम घातलेल्या मॅकाँकी अगरवर (आतड्यातले जिवाणू वाढवायच्या माध्यमावर) उगवणारं बहुतेक सगळं प्रतिरोधकच असणार. चाळणीत उरलेले खडे मोजून पोतंभर धान्यात नुसते खडेच आहेत म्हणावं, तसला हा हिशेब.

औषधाची प्लेट वाईट नाही. नमुन्यात सेफोटॅक्झिमला दाद न देणारे जिवाणू आहेत का, हे ती दाखवते. किती प्रमाणात, हे दाखवत नाही. त्यासाठी १ ग्रॅम विष्ठा ९ मिलिलिटर निर्जंतुक सलाइनमध्ये कालवून दहा-दहा पटीने पातळ करा आणि प्रत्येक पातळ द्रावण साध्या मॅकाँकीवरही लावा, औषधाच्याही. ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवून दोन्हींवर उगवलेल्या ठिपक्यांचं गुणोत्तर काढा. साध्या प्लेटचा आणखी एक उपयोग होतो. तिच्यावरही काही उगवलं नाही, तर बहुधा नमुना गाडीतल्या उन्हात मेलेला असतो. असे नमुने ‘निगेटिव्ह’ म्हणून तक्त्यात बसवणारे कमी नाहीत. रात्रभर ब्रॉथमध्ये (द्रव पोषक माध्यमात) वाढवलेल्या नमुन्यावरून प्रमाण काढायचा तर विचारही नको.

दुसरा घोळ जंगलात होतो. टोळीत माकडं २२ आणि झोपायच्या झाडाखालून सकाळी उचललेले नमुने ४०. हे ४० प्राणी नव्हेत, आणि कोणता नमुना कुणाचा हेही ठाऊक नाही. टोळीमागे चालावं, प्राणी विष्ठा टाकताना डोळ्यांनी पाहावा, नर-मादी-पिल्लू टिपावं आणि काही मिनिटांत मातीला न टेकलेला आतला भाग निर्जंतुक चमच्याने घ्यावा. नमुना वाहून न्यायचं कॅरी-ब्लेअर माध्यम, ४ अंशांचा आइसबॉक्स, २४ तासांत प्रयोगशाळा. दिवसाला पाचच नमुने मिळाले तरी चालतील. केळं दाखवून माकडाला जवळ बोलावणारे उतावीळ लोक मात्र जे मोजायचं तेच बिघडवतात. केनियातल्या अँबोसेलीच्या बबूनांवरचा १९८५चा अभ्यास याच मुद्द्यावर होता: माणसांच्या कचऱ्यावर जगणाऱ्या टोळीत प्रतिरोधक जिवाणू जास्त आढळले. म्हणून टोळी पर्यटकांच्या जागेपासून किती लांब आहे, हे नमुन्यासोबतच लिहा. वानर आणि माकड एका रकान्यात कोंबू नका. पाला खाणाऱ्या वानराचं पोटच निराळं.

प्राणिसंग्रहालयात पिंजरा धुण्याआधी नमुना घ्या, जंतुनाशक ओतल्यावर नाही. औषधोपचाराची वही पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये. राखणदारांचे नमुनेही संमतीने घ्यावेत.

ई. कोलायवर व्हँकोमायसिनची चकती (प्रतिजैविकात भिजवलेला गोल कागद) लावू नका, तो त्या औषधाला मुळातच दाद देत नाही. कोलिस्टिन या प्रतिजैविकासाठी चकती नकोच. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाचं प्रमाण बदलत जाऊन केलेली चाचणी) करा. दवाखान्यातले ब्रेकपॉइंट (औषध लागू पडेल की नाही याच्या सीमा) उपचारासाठी असतात, रानातल्या निरीक्षणाला ईकॉफ (प्रतिकार न कमावलेल्या जिवाणूंची सीमा) वापरा.

चकतीची चाचणी लावाल त्या प्रत्येक दिवशी एटीसीसी २५९२२ हा ई. कोलायचा प्रमाण वाणही सोबत लावा. त्याच्या प्लेटवर ३० मायक्रोग्रॅम सेफोटॅक्झिमच्या चकतीभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ २९ ते ३५ मिलिमीटरमध्ये आलं नाही, तर त्या दिवसाचे त्या चकतीचे सगळे निकाल बाद. बहुतेकदा अगर ४ मिलिमीटरपेक्षा जाड ओतलेला असतो किंवा चकत्यांची कुपी फ्रीजबाहेर राहिलेली असते.