विहिरीला पाणी कमी अन् गहू पेरताय? मग या चुका टाळा

दिवाळी झाली की कृषी केंद्रासमोर एकच प्रश्न, "भाऊ, जास्त झडती (उतारा) देणारी व्हरायटी कोणती?" आपल्या विहिरीला पाणी कधीपर्यंत टिकतं हे कोणी स्वतःलाच विचारत नाही, अन् दुकानदार कशाला विचारेल.

सगळ्यात मोठी चूक हीच. भरपूर ओलिताच्या जाती फुटवे दणकून काढतात, पाला मोठा होतो, अन् पाला जितका जास्त तितकी जमिनीतली ओल लवकर उडते. कोरडवाहू बन्सी (आपला जुना देशी गहू) याच्या उलट, फुटवे मोजके, वावर विरळ दिसतं, पण काळ्या भारी जमिनीतली ओल शेवटपर्यंत पुरवून खाते. आमच्या धुऱ्याला लागूनच एका पोरानं असाच ओलिताचा गहू पेरला होता, डिसेंबरात रस्त्यानं जाणारा गाडी थांबवून पाहायचा इतका हिरवागार. पोरगं खुश, तिसरं पाणी देऊन मोकळं झालं अन् जानेवारीच्या शेवटी मोटर हवा ओढायला लागली. ओंब्या आल्या, लांब आल्या, पण फेब्रुवारीत ऊन तापलं अन् दाणे भरायलाच पाणी नाही. मी एक ओंबी तळहातावर चोळून फुंकली तर भुसा उडाला अन् उरले ते जिऱ्यासारखे बारीक दाणे. शेवटी दोष बियाण्याला! अरे बाबा, एक-दोनच पाणी असेल तर नेत्रावती (एनआयएडब्ल्यू 1415) घे, पाणीच नसेल तर पंचवटी किंवा घरचा बन्सी.

दुसरी चूक म्हणजे पाणी कॅलेंडर पाहून देणं. एकच पाणी असेल तर ते 40-42 दिवसांनी, दोन असतील तर 20-22 अन् 60-65 दिवसांनी, ही शिफारस बरोबरच आहे. पण लोकांना धीर नाही, विसाव्या दिवशी पानं जरा मलूल दिसली की एकुलतं एक पाणी सोडून देतात. अन् लवकर येणारी जात अन् उशिरा येणारी जात काही एकाच दिवशी कांडी धरत (दांडा वर काढत) नाही, अन् पाणी तर कांडी धरतानाच हवं. मी तर वावराच्या मधातली चार-पाच झाडं उपटतो, मोठा फुटवा ब्लेडनं उभा चिरतो, बुडाजवळ पहिली गाठ वर सरकलेली दिसली की मगच मोटर चालू. बांधावरची झाडं पाहू नका, ती फसवतात.

ओल खाली गेली म्हणून तिफन खोल दाबणारेही आहेतच. जुना उंच गहू खोलातूनही वर यायचा. पण 1960 च्या दशकात सोनोरा 64, लर्मा रोहो 64 असे मेक्सिकोचे बुटके गहू आले अन् आताच्या बहुतेक सरबती जाती त्याच वळणाच्या, त्यांचा कोंब आखूड, 5-6 सेंटिमीटरच्या खाली गेला की निम्मा आतच मरतो. ओल नसेल तर आधी वावर ओलवून घ्या, वाफसा येऊ द्या, मग पेरा.

पऱ्हाटी (कपाशी) उपटून डिसेंबरात पेरायचा असेल तर एकेएडब्ल्यू 4627 सारखी उशिराचीच जात घ्या. जानेवारीत पेरायचा विचार असेल तर सरळ सोडून द्या.

दोन जातींचं उरलेलं बियाणं एका वावरात मिसळू नका, एक पिकून झडते तोवर दुसरी हिरवीच.

अन् लाईट रात्रीचीच मिळते म्हणून वारा सुटला असताना दाणे भरलेल्या गव्हाला पाणी सोडू नका, गहू एकदा लोळला की हार्वेस्टरवाला जास्तीचे पैसे मागतो, नाहीतर तुमच्या वावराकडे फिरकतच नाही.