बहुकेंद्री मानसिक आरोग्य संशोधनासाठी निधी मागताना या चुका टाळा

मानसिक आजारांवरील क्लिनिकल संशोधनासाठी तीन-चार संस्थांनी मिळून निधी मागायचे ठरवले, की प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात केंद्रांविषयी बहुधा एकच वाक्य असते : हा अभ्यास अमुक, अमुक आणि अमुक ठिकाणी केला जाईल. ही ठिकाणे कशी निवडली हे विचारले, तर उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे झाल्यास ‘तिथे आमचे बॅचमेट आहेत’ असे द्यावे लागते. ओळखीतून सहकार्य जुळण्यात गैर काहीच नाही. मात्र परीक्षकाला हवे असते ते दुसरेच उत्तर : हे काम एका केंद्रात का होऊ शकत नाही, आणि अनेक केंद्रांत केले तर ते एकच काम कसे राहील? प्रस्तावातील बहुतेक चुका या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात. रुग्णसंख्येसाठी पैसे मागितले जातात; सगळीकडे मोजमाप सारखे व्हावे यासाठी मात्र कोणी पैसे मागत नाही.

केंद्रांची यादी म्हणजे केंद्रांचे समर्थन नव्हे

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएमएचने, मानसिक आजारांच्या क्लिनिकल अभ्यासांसाठी जी सहयोगी अनुदान योजना चालवली, तिच्या रचनेतच काम एकच राहिले पाहिजे ही अट दिसते. प्रत्येक केंद्र स्वतंत्र अर्ज करते, त्याचा प्रमुख संशोधक आणि अंदाजपत्रक वेगळे असते, परंतु सर्व अर्जांचे शीर्षक एकच असते, त्यापुढे १/३, २/३, ३/३ असे क्रमांक असतात आणि संशोधन आराखडा समान असतो. अशा जोडअर्जांत नेहमी आढळणारी चूक म्हणजे शेवटच्या आठवड्यात एका केंद्राने आराखड्यात केलेली ‘छोटीशी सुधारणा’ उरलेल्या दोन अर्जांत न पोहोचणे. मग परीक्षकाच्या हाती एका अभ्यासाची तीन रूपे पडतात, आणि अर्ज लिहितानाच ज्यांचा मेळ बसला नाही ते पाच वर्षे एकत्र कसे काम करतील, ही शंका त्याला आली तर ती रास्तच म्हणावी लागेल. समान मजकुराची अंतिम प्रत एकाच व्यक्तीच्या ताब्यात ठेवावी आणि ठरावीक तारखेनंतर ती कोणालाही, ज्येष्ठतम प्राध्यापकांनाही, बदलू देऊ नये.

केंद्रे वेगळी असणे हे ओझे आहे की अभ्यासाचा गाभा आहे, हेही आधीच ठरवावे लागते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना समाजात राहून मिळणाऱ्या सेवेचा कोप्सी हा अभ्यास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. साताऱ्याची परिवर्तन, गोव्याची संगाथ आणि चेन्नईची स्कार्फ या संस्थांनी सातारा, गोवा व कांचीपुरम येथे तो केला. २८२ रुग्णांपैकी १८७ जणांना रुग्णालयातील उपचारांबरोबर प्रशिक्षित सामुदायिक कार्यकर्त्यांची मदत मिळाली आणि ९५ जणांना केवळ रुग्णालयातील उपचार मिळाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण परिणाम माफक होता, पण कांचीपुरमच्या ग्रामीण केंद्रात तो ठळकपणे दिसला. असा फरक पडू शकतो हे गृहीत धरून केंद्रनिहाय विश्लेषण कसे करणार हे प्रस्तावातच लिहिलेले असेल, तर त्या फरकातून काही शिकता येते. ते लिहिलेले नसेल तर तोच फरक नंतर शोधलेली सबब वाटतो.

मोजपट्टी एक, मोजणारे अनेक

मानसोपचारात रक्तातील साखरेसारखा आकडा नसतो. निदान आणि तीव्रता या दोन्ही गोष्टी मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यातून जातात, म्हणून बहुकेंद्री अभ्यासाला येथे हृदयरोग किंवा मधुमेहापेक्षा वेगळा धोका असतो. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनच्या तुलनेत फार अधिक होत असे. अमेरिका-ब्रिटन निदान प्रकल्पातील संशोधकांनी दोन्हीकडच्या रुग्णांची एकाच प्रमाणित पद्धतीने मुलाखत घेतली तेव्हा तो फरक बराचसा विरून गेला. रुग्णांपेक्षा डॉक्टरांच्या सवयीच वेगळ्या होत्या. त्याच दशकात जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत सुरू केलेल्या स्किझोफ्रेनियाच्या प्राथमिक अभ्यासात आपले आग्राही होते, आणि सर्व देशांतील मुलाखतकारांकडून एकसारखी मुलाखत घेऊन घेणे हे त्या अभ्यासातील मोठे काम होते.

साठ वर्षांनंतरही प्रस्तावात ‘सर्व रेटरना (म्हणजे मुलाखत घेऊन गुण देणाऱ्यांना) प्रशिक्षण दिले जाईल’ एवढ्या एका ओळीवर भागवले जाते. किती दिवसांचे, कोण देणार, रेटरांमध्ये किती सहमती आल्यावर काम सुरू करणार, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणार का, आणि अधेमध्ये नोकरी सोडून गेलेल्याच्या जागी आलेल्याला कोण शिकवणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नसते. कंत्राटी प्रकल्प कर्मचारी वर्ष-दीड वर्षात कायम नोकरी मिळताच निघून जातात हे सर्वांना ठाऊक असते. तरीही फेरप्रशिक्षणाचा खर्च अंदाजपत्रकात जवळपास कधीच नसतो.

एक साधा हिशेब पाहा. पॅन्स या स्किझोफ्रेनियाची लक्षणे मोजणाऱ्या मोजपट्टीवर ३० बाबी असतात आणि प्रत्येकीला किमान १ गुण मिळतो, त्यामुळे लक्षणे अजिबात नसलेल्या माणसाचेही ३० गुण होतात. रुग्णाचे गुण ९० वरून ६६ वर आले, तर एका केंद्रातील संशोधक २४ भागिले ९० करून सुमारे २७ टक्के सुधारणा लिहितो. दुसऱ्या केंद्रातील संशोधक सुरुवातीचे ३० वजा करून २४ भागिले ६० म्हणजे ४० टक्के लिहितो, आणि हीच पद्धत बरोबर आहे. सुधारणेची मर्यादा ३० टक्के धरली, तर तोच रुग्ण एका शहरात सुधारलेला आणि दुसऱ्या शहरात न सुधारलेला ठरतो. सूत्र प्रोटोकॉलमध्ये लिहावे आणि केंद्रांकडून टक्केवारी न घेता प्रत्येक बाबीचे मूळ गुणच मागवावेत.

भाषेचेही तसेच आहे. ‘करमत नाही’ हे उत्तर एका ठिकाणचा रेटर रस वाटेनासा झाल्याचे लक्षण म्हणून नोंदवील, दुसरीकडचा ते नव्या गावात आलेल्या सुनेचे साधे गाऱ्हाणे समजून सोडून देईल. ‘मराठी भाषांतर उपलब्ध आहे’ असे लिहिताना ते भाषांतर सातारा आणि गडचिरोली या दोन्ही ठिकाणी चालते का हे तपासले आहे की नाही, आणि गोव्यात कोंकणीची सोय काय, हे सांगावे. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली विनामूल्य वापरता येते, पण पॅन्ससारख्या मोजपट्ट्यांवर स्वामित्वहक्क असतो आणि परवान्याचे शुल्क पडते. ते अंदाजपत्रकात नसेल तर नंतर कोणत्या खात्यातून काढायचे हा पेच उभा राहतो.

रुग्णसंख्येचा आशावाद

ओपीडीच्या रजिस्टरात वर्षाला ४०० नोंदी आहेत म्हणून आपल्याला १०० रुग्ण सहज मिळतील, हे वाक्य ज्याने लिहिले नाही असा संशोधक विरळा. त्या ४०० नोंदींमध्ये पुन्हा पुन्हा आलेले रुग्ण असतात, वयोगटात न बसणारे असतात, व्यसन किंवा अन्य आजारांमुळे वगळावे लागणारे असतात, आणि दोनशे किलोमीटरवरून आलेले, पुढच्या तपासणीला येण्याची शक्यता नसलेले तर असतातच. अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक केंद्राने दोन महिने साधी चाळणी-वही ठेवावी : किती आले, किती निकषांत बसले, किती जणांनी तत्त्वतः होकार दिला. हे आकडे कमी आले तरी ते द्यावेत. कमी पण खरे आकडे परीक्षकाला फुगवलेल्या आकड्यांपेक्षा अधिक विश्वसनीय वाटतात, असे माझे ठाम मत आहे.

नमुन्याचा आकार काढतानाही एक गफलत होते. रुग्णांची विभागणी प्रत्येक केंद्रात स्वतंत्रपणे, केंद्रनिहाय स्तर करून केली, तर केंद्रांतील मूळ फरक दोन्ही गटांत सारखे वाटले जातात. परंतु संपूर्ण प्राथमिक आरोग्य केंद्रेच एका किंवा दुसऱ्या गटात टाकली जात असतील, तर एका केंद्रातील रुग्ण एकमेकांसारखे असल्याचा हिशेब करावाच लागतो. प्रत्येक केंद्रात ३० रुग्ण आणि हा सारखेपणा दाखवणारा अंतर्गत सहसंबंध केवळ ०.०५ असला, तरी लागणारा नमुना २.४५ पट होतो. सांख्यिकीतज्ज्ञाला शेवटच्या आठवड्यात केवळ सहीपुरते बोलावले, की ही बाब मंजुरीनंतर लक्षात येते.

संमती, नैतिकता समिती आणि राज्यांच्या सीमा

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचे कलम ९९ संशोधनाविषयी आहे, आणि ते न वाचता लिहिलेले प्रस्ताव आजही दिसतात. केवळ औषध द्यायचे असेल तरच नव्हे, तर नुसती मुलाखत घ्यायची असली तरी मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची स्वतःची मुक्त व माहितीपूर्ण संमती लागते. ती व्यक्ती संमती देण्याच्या स्थितीत नसेल पण सहभागास विरोधही करत नसेल, तर नातेवाइकाची सही पुरेशी नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. नामनिर्देशित प्रतिनिधीच्या संमतीच्या आधारे ते प्राधिकरण परवानगी देऊ शकते, पण हे संशोधन संमती देऊ शकणाऱ्या व्यक्तींवर करता येत नाही हे आधी पटवून द्यावे लागते. प्राधिकरण राज्याचे असल्यामुळे महाराष्ट्र, गोवा आणि तमिळनाडू अशी केंद्रे असतील तर तीन दारे ठोठवावी लागतात. तीव्र उन्माद किंवा तीव्र मनोविकृतीच्या रुग्णांवर अभ्यास असेल, तर वेळापत्रकात याला स्वतंत्र जागा ठेवावी; आणि संमती कधीही मागे घेता येते, हे केंद्रागणिक वेगळ्या शब्दांत सांगितले जाणार नाही याची काळजी घ्यावी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार बहुकेंद्री अभ्यासासाठी एका नियुक्त समितीकडून सामाईक परीक्षण होऊ शकते आणि स्थानिक समित्या आपापल्या केंद्रापुरत्या बाबी पाहू शकतात. ही सोय आहे हे सहभागी संस्थांनी अर्जापूर्वीच आपसांत मान्य केले नसेल, तर प्रत्येक समिती संपूर्ण परीक्षण करते, एक समिती संमतीपत्रातील एक परिच्छेद बदलते आणि तो बदल उरलेल्या सर्व समित्यांकडे फिरत राहतो. क्लिनिकल ट्रायलची नोंदणी सीटीआरआयमध्ये, म्हणजे देशाच्या ट्रायल-नोंदवहीत, पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच झाली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. एक केंद्र तयार झाले म्हणून नोंदणीआधीच त्याने काम सुरू केले, तर नुकसान सर्वांचे होते.

पीएचक्यू-९ वापरणाऱ्यांनी नवव्या प्रश्नाचा विचार आधीच करावा. आत्महत्येच्या विचारांना होकार आल्यावर त्या दिवशी, त्या केंद्रात कोण काय करणार? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हातात देणे चांगलेच, पण तेवढ्याने केंद्राची जबाबदारी संपत नाही. मोठ्या शहरातील केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ वरच्या मजल्यावर असतो, तालुक्याच्या केंद्रात तो आठवड्यातून एकदा येतो. म्हणून कृतियोजना प्रत्येक केंद्राची वेगळी लिहावी लागते. सारखेपणाचा आग्रह इथे मुद्दाम सोडावा.

पैसा कोणाच्या खात्यात

परदेशी निधी असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते आणि तिचे सचिवालय आयसीएमआरकडे आहे. याहून मोठी अडचण परकीय अंशदान कायद्याची आहे. २०२०च्या दुरुस्तीपासून परकीय निधी मिळालेल्या संस्थेला तो अन्य संस्थेकडे वर्ग करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. त्यामुळे पुण्यातील स्वयंसेवी संस्थेने पैसे घ्यायचे आणि सातारा व पणजीला वाटायचे, ही पूर्वीची रचना आता कागदावरसुद्धा मांडू नये. प्रत्येक केंद्राला निधी थेट कसा मिळेल हे निधी देणाऱ्याशी आधीच बोलावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनेही (एनआयएच) मे २०२५ मध्ये परदेशी संस्थांना उपअनुदान देण्याची जुनी पद्धत बदलत असल्याचे जाहीर केले, म्हणून चार वर्षांपूर्वीच्या यशस्वी प्रस्तावाचा आराखडा जसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे.

देशातील सरकारी निधीत वेगळी गाठ पडते. निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र वित्तीय नियमांतील १२-अ नमुन्यात वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता अडतो, हप्ता अडला की पगार थांबतो आणि पगार थांबला की प्रशिक्षित रेटर निघून जातो. एका केंद्राच्या लेखा विभागातील विलंबाची झळ दुसऱ्या केंद्राच्या मोजमापाला पोहोचते ती अशी. समन्वय केंद्रात हिशेबासाठी अर्धवेळ का होईना, पण स्वतंत्र माणूस मागावा; त्याबरोबर डेटा व्यवस्थापक, वर्षातून दोनदा प्रत्येक केंद्राला तपासणीभेट आणि रुग्णासोबत येणाऱ्या नातेवाइकाचे एसटीचे भाडे हेही मागावे. यातले काहीच न मागता अंदाजपत्रक ‘काटकसरीचे’ दाखवले, तर जाणकार परीक्षक त्याचा अर्थ अनुभव नाही असाच घेतो.

मंजुरीनंतर एखादे केंद्र मागे पडले तर

सर्वप्रथम चाळणी-वही पाहावी. रुग्णच येत नसतील तर निकषांचा किंवा जाहिरातीचा प्रश्न असतो. रुग्ण येऊन नकार देत असतील तर संमती घेण्याच्या पद्धतीचा. आणि वहीच रिकामी असेल तर माणसाचा. पहिल्या दोन कारणांवर प्रोटोकॉलमधील दुरुस्तीने उपाय होतो, पण ती दुरुस्ती सर्व केंद्रांत आणि सर्व समित्यांच्या मान्यतेनेच करावी. तिसऱ्या कारणावर प्रमुख संशोधकाने स्वतः जाऊन बसण्याखेरीज दुसरा उपाय मला ठाऊक नाही. मागे पडलेल्या केंद्राचा कोटा निमूटपणे दुसऱ्याकडे वळवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण ज्या विविधतेसाठी ते केंद्र घेतले होते तीच त्यामुळे हरवते. केंद्र बंदच करावे लागले, तर तेथे आधी घेतलेले रुग्ण विश्लेषणातून वगळता येत नाहीत. त्यांचा पाठपुरावा आणि उपचार पुढे कोणाकडे जाणार, हे संस्थांमधील सामंजस्य करारात पहिल्या दिवशीच लिहिलेले असावे आणि रुग्णाच्या हातातील माहितीपत्रकातही ते साध्या मराठीत असावे.