पीआरची मुदत संपत आलीय: परदेशी जायचं की कोल्हापुरातच राहायचं, हे कसं ठरवावं

पीआर, म्हणजे परदेशात कायम राहण्याचा परवाना, मिळाल्याचे पेढे वाटून झाले की पुढचं काम बऱ्याच घरांत अडतं. बहिणीचं लग्न निघतं, वडिलांची अँजिओप्लास्टी होते, मधेच कंपनीत बढती मिळते. बघता बघता मुदत संपायला सात-आठ महिने उरतात आणि रोज रात्री जेवणं झाली की तोच विषय. मग कुणी 'एवढे पैसे घातलेत, आता जायलाच पाहिजे' म्हणून जातं, तर कुणी काहीच ठरत नाही म्हणून राहतं. पैशांचं आधी बोलू. कन्सल्टंटची फी, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, मेडिकल यांत गेलेली रक्कम तुम्ही गेलात तरी गेली आणि राहिलात तरी गेली. ती हिशेबात धरूच नका.

पहिली पायरी: नेमकं काय संपतंय ते वाचा

एजंटाला फोन लावण्याआधी मंजुरीचं पत्र स्वतः वाचा. 'व्हिसा संपतोय' या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

ऑस्ट्रेलियाचा 189 किंवा 190 क्रमांकाचा पीआर व्हिसा असेल तर पत्रात सहसा दोन तारखा असतात. एक पहिल्या प्रवेशाची. ती बहुधा मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्सच्या तारखांवरून ठरते. दुसरी मंजुरीपासून पाच वर्षांनंतरची. या दुसऱ्या तारखेला राहण्याचा हक्क संपत नाही, बाहेर जाऊन पुन्हा आत येण्याची सोय संपते. समजा मंजुरी एप्रिल 2022 ची आहे, तुम्ही एकदा जाऊन प्रवेश करून आलात आणि आता डिसेंबर 2026 ला बिऱ्हाड हलवायचं म्हणताय. एप्रिल 2027 नंतरही तिथे राहायला कुणी अडवणार नाही. पण त्यानंतर गणपतीला घरी आलात तर परत जायला रेसिडेंट रिटर्न व्हिसा लागेल. तो पाच वर्षांचा हवा असेल तर मागच्या पाच वर्षांत एकूण दोन वर्षं तिथे काढलेली लागतात. ती भरली नसतील तर तिथली नोकरी, घर, नातेवाईक असे भक्कम संबंध दाखवावे लागतात, आणि तेव्हा मिळतो तो फार तर वर्षभराचा. म्हणून उशिरा जाणाऱ्यानं डिसेंबर 2028 पर्यंत घरी येणं जमणार नाही असं धरूनच निघावं. तेवढी तयारी आहे का, हा प्रश्न खरा.

कॅनडाचं पीआर मंजुरीचं, म्हणजे कन्फर्मेशनचं, पत्र हातात असेल तर त्यावरची तारीख सहसा मेडिकलच्या मुदतीशी बांधलेली असते आणि ती वाढवून मिळेल या भरवशावर राहू नये. एकदा लँडिंग, म्हणजे पीआर म्हणून पहिला प्रवेश, झालं की नियम बदलतो: कोणत्याही पाच वर्षांत 730 दिवस तिथे. पीआर कार्डाची मुदत संपली म्हणून दर्जा आपोआप जात नाही. दिवस भरले नाहीत तर तो काढून घेतला जाऊ शकतो.

अमेरिकेचा इमिग्रंट व्हिसा बहुतेक वेळा सहा महिन्यांचाच असतो, तिथे रेंगाळायला वावच नाही. ग्रीनकार्डवाला, म्हणजे तिथला पीआर, सलग वर्षभर बाहेर राहिला तर पंचाईत होते. जास्त राहावं लागणार असेल तर रीएंट्री परमिटचा (परत आत येण्याच्या परवान्याचा) अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, कोल्हापुरातून नाही.

दुसरी पायरी: 'जाऊन शिक्का मारून येऊ' हा बेत तपासा

हा सल्ला प्रत्येक जण देतो. तिकिटाचा खर्च करून वेळ विकत घेणं चूक नाही, पण किती वेळ मिळाला ते कॅलेंडरवर मांडा. कॅनडात 1 जून 2026 ला लँडिंग करून परत आलात तर साधारण 1 जून 2029 पर्यंत कायमचं जायलाच हवं, तरच पहिल्या पाच वर्षांत 730 दिवस बसतात. या तीन वर्षांत घरातलं नेमकं काय बदलणार आहे? मुलीची दहावी होणार असेल किंवा घराचं कर्ज फिटणार असेल तर शिक्का मारून या. उत्तर 'बघू' असेल तर तोच घोळ तीन वर्षांनी पुन्हा घालणार आहात, तोही वय आणि पगार वाढल्यावर.

तिसरी पायरी: नोकरीचं खरं चित्र काढा

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला इथे नावानिशी ओळखतात. तिथे तो पहिल्या दिवशी 'लोकल एक्स्पीरियन्स नसलेला' असतो. व्हिसासाठी झालेलं स्किल असेसमेंट, म्हणजे शिक्षण-अनुभवाची तपासणी, म्हणजे नोकरी नव्हे, आणि नर्स, डॉक्टर, शिक्षक यांना तर वेगळी नोंदणी लागते. इथूनच आपल्या कामाच्या जागांसाठी अर्ज टाकायला लागा आणि आपल्या गावाकडच्या, तिथे जाऊन दोन वर्षं झालेल्या माणसाशी बोला. 'कसं वाटतं?' असं विचारू नका. पहिली नोकरी किती महिन्यांनी लागली, कोणती लागली आणि घरभाडं पगाराचा किती भाग खातं, एवढंच विचारा. सहा महिने पगार नसताना भाडं आणि जेवण भागेल इतकी रक्कम वेगळी काढता येत नसेल तर एकट्यानं आधी जाण्याचा विचार करा. ऑस्ट्रेलियात नव्या पीआरला मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना लगेच मिळते, पण बेकारी भत्त्यासारख्या बऱ्याच मदतींसाठी चार वर्षं थांबावं लागतं.

चौथी पायरी: आई-वडिलांचा प्रश्न पोकळ ठेवू नका

'शेजारी आहेत की' हे उत्तर पुरत नाही. पंधरा दिवस तुम्ही घरात नाही असं समजून वागा. औषधं, गॅस, लाइटबिल, बँक, दवाखान्याच्या फेऱ्या यांतलं काहीही तुम्ही करायचं नाही. काय अडतं ते वहीत लिहा. ती यादी म्हणजे तुम्ही गेल्यावर माणूस आणि पैसे लावायची कामं. घर नागाळा पार्क किंवा शाहूपुरीच्या पूरपट्ट्यात असेल तर आणखी एक ओळ. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी 39 ला पोचलं की त्यांना कोण हलवणार, कुठे, कोणाच्या गाडीनं? 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यांना नंतर तिकडे नेऊ, हेही तपासून बोला. ऑस्ट्रेलियात कमी खर्चाच्या पेरेंट व्हिसाची रांग तीसेक वर्षांची आहे. कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण तो पाहुण्याचा व्हिसा आहे.

पाचवी पायरी: जमीन आणि कागद

परदेशी गेलं म्हणून वडिलोपार्जित शेती जात नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन नव्यानं विकत घेता येत नाही, पण वारसानं आलेली ठेवता येते. पुढे परकीय नागरिकत्व घेतलं तरी वारसा राहतो. म्हणून जायच्या गडबडीत भावकीतल्या कुणी पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सही करू नका. सातबारा आणि फेरफार बघून घ्या, वारसनोंद राहिली असेल तर उरका. कुलमुखत्यारपत्र द्यायचंच असेल तर ठरावीक कामापुरतं द्या आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नेहमीचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतो, पुढे वाढवता येत नाही.

सहावी पायरी: निर्णयाची तारीख ठरवा

व्हिसाच्या तारखेच्या किमान पाच महिने आधीची तारीख धरा. नोटीस पिरियडच दोन-तीन महिने खातो. मुलांच्या शाळेचंही बघा: ऑस्ट्रेलियात वर्ष जानेवारीअखेरीस सुरू होतं, कॅनडात सप्टेंबरमध्ये, आपल्याकडे जूनमध्ये. त्या दिवशी नवरा-बायकोनं वेगवेगळ्या कागदांवर 'जायचं' किंवा 'राहायचं' आणि त्याचं एकच कारण लिहावं, मग बोलावं. कारण 'लोक काय म्हणतील' निघालं तर ते खोडून दुसरं लिहावं.

राहायचं ठरलं आणि लँडिंग झालंच नसेल तर फार काही करावं लागत नाही, तारीख उलटून जाते. कॅनडात एकदा लँडिंग करून आला असाल तर मात्र पीआरचा दर्जा रीतसर अर्ज करून सोडा. नाहीतर उद्या टोरोंटोतल्या बहिणीकडे जायला साधा व्हिजिटर व्हिसा मागताना 'तुम्ही अजून पीआरच आहात' हे आडवं येतं.