नदीतली कोळंबी धातूंच्या तपासणीला पाठवायची तर

शिसं, कॅडमियम, पारा यांना ना वास असतो ना रंग, आणि उकळून, तळून ते जात नाहीत. त्यामुळे ठाणे-रायगडमधल्या उल्हास, वालधुनी, काळू किंवा तळोज्याच्या कासाडी नदीकाठच्या वस्तीत ‘इथली कोळंबी खावी का?’ हा प्रश्न आला, तर पाणी नितळ दिसतं की नाही यावरून उत्तर देऊ नका. नमुना घ्या, पण नीट घ्या. चुकीच्या नमुन्याचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट, कारण तो छापील कागदावर येतो आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात.

कोळंबी बाजारातून घेऊ नका. नदीची म्हणून विकलेली तळ्यातलीही असते. पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्याबरोबर स्वतः जा, एकाच पट्ट्यातून, एकाच दिवशी, साधारण सारख्या आकाराच्या 20-25 घ्या. नुकतीच कात टाकलेली, मऊ सालीची बाजूला काढा. तुलनेसाठी कारखान्यांच्या वरच्या अंगाचाही नमुना हवा. उल्हासवर तो नेरळ-कर्जतकडे मिळेल. कल्याणच्या खाली खाडीचं पाणी चढतं, तिथली कोळंबी या तुलनेत मिसळू नका. एक नमुना पावसाळ्यानंतर, एक मे महिन्यात.

आता खरी अडचण: डोकं. कोळंबीच्या डोक्यात पिवळट-तपकिरी मऊ गोळा असतो, तिचं यकृतच म्हणा. कॅडमियम सर्वांत जास्त साठतं ते तिथे. शेपटीच्या मांसात त्याच्या मानाने फार कमी. आणि बऱ्याच सल्ल्यांत लिहिलेलं असतं की कोळंबी अख्खी बर्फात घाला, अख्खी गोठवा, प्रयोगशाळा पुढचं बघेल. हे करू नका. गोठताना तो गोळा फुटतो आणि वितळताना त्याचा रस मांसात उतरतो. मग प्रयोगशाळा इमानदारीने शेपटी मोजते आणि अहवालात डोक्याचं कॅडमियम येतं.

म्हणून डोकं काठावरच, पकडल्यापासून दोन-तीन तासांत वेगळं करा. तोवर कोळंबी दुहेरी पिशवीत, बाहेरून बर्फ. मासळीबाजारातल्या बर्फाचं पाणी तिला लागता कामा नये. डोकं खाली धरून पिळून काढा, म्हणजे रस खाली गळतो. गोळा फुटून मांसावर आला, तर ती कोळंबी टाकून द्या, धुऊन वापरू नका. पाठीतला काळा दोरा काढा. त्यात नदीचा गाळ असतो आणि गाळाचे धातू मांसाच्या नावावर जमा होतात.

घरची सुरी वापरायची नाही. स्टीलमधून क्रोमियम आणि निकेल येतं, आणि कारखान्यांच्या भागात नेमके तेच तपासायचे असतात. सिरॅमिकची सुरी, प्लास्टिकचा चिमटा, पावडर नसलेले हातमोजे. पितळी किंवा अॅल्युमिनियमची परात नको, वर्तमानपत्र नको. शेवटचं धुणं प्रयोगशाळेकडून आणलेल्या शुद्ध पाण्याने. दुकानातल्या बॅटरीच्या पाण्यावर भरवसा ठेवू नका.

डोकी फेकू नका, वेगळ्या डब्यात भरा. वस्तीत लहान झिंगे डोक्यासकट रश्श्यात पडतात किंवा वाळवून वर्षभर पुरवले जातात. नुसत्या शेपटीचा अहवाल म्हणजे त्या घरांना दिलेलं अर्धं उत्तर. लोक जसं खातात तसा, म्हणजे अख्ख्या, न सोललेल्या झिंग्यांचा तिसरा नमुना त्यासाठीच. त्यात डोकं वेगळं करायचंच नसतं, म्हणून ते अख्खे गोठवले तरी चालतं. फक्त वितळलेला रस पिशवीतून सांडू देऊ नका.

प्रत्येक डब्यात किमान 50 ग्रॅम, जागा आणि तारीख लिहून, गोठवून पाठवा.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला आधीच दोन गोष्टी विचारा: मोजता येणारी किमान मात्रा किती, आणि निकाल ओल्या वजनावर (मांसातल्या पाण्यासकट) देणार की सुक्या (वाळवून). कॅडमियम आणि शिशासाठी ती किमान मात्रा किलोला 0.05 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी हवी. आर्सेनिक तपासत असाल तर अकार्बनी आर्सेनिक वेगळं मागा. एकूण आकड्यातून विषारी भाग किती ते कळत नाही.

ओलं-सुकं हा गोंधळ सर्वांत जास्त होतो. कोळंबीत सुमारे 78 टक्के पाणी. सुक्या वजनावर कॅडमियम किलोला 1.2 मिलिग्रॅम आलं तर ओल्यावर ते 1.2 × 0.22, म्हणजे 0.26. कोळंबी-खेकड्यांसारख्या कवचधारी प्राण्यांसाठी शिसं आणि कॅडमियमची मर्यादा प्रत्येकी किलोला 0.5 मिलिग्रॅम आहे, आणि ती ओल्या वजनावर. सुका आकडा तिच्याशी ताडून वस्तीत घबराट पसरवू नका. तांबं जास्त दिसलं तर दचकू नका, कोळंबीच्या रक्तातच तांबं असतं.

मर्यादेच्या आत आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. कॅडमियमसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने 2010 साली ठरवलेलं सहनीय प्रमाण महिन्याला शरीराच्या दर किलोमागे 25 मायक्रोग्रॅम. 15 किलोच्या मुलाला ते 375 मायक्रोग्रॅम. कोळंबीत नेमकं किलोला 0.5 मिलिग्रॅम असेल तर 750 ग्रॅममध्ये ते भरतं, म्हणजे रोज 25 ग्रॅम. भातातून येणारं कॅडमियम त्यात धरलेलं नाही. शिशाला तर सुरक्षित म्हणावी अशी मात्राच नाही. म्हणून अहवाल वस्तीत नेताना सोबत घरोघरी विचारलेली एक नोंद हवी: आठवड्यातून किती वेळा, किती, डोक्यासकट की सोलून, आणि घरातलं सर्वांत लहान मूल किती किलोचं.