नासकॉम नोकरी देत नाही, राजेहो

मेकॅनिकल करून वर्षभर घरी बसलो होतो. नागपुरात बर्डीवरच्या एका क्लासच्या बोर्डावर ‘नासकॉम सर्टिफाइड’ असं मोठ्या अक्षरांत दिसलं आणि बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून फी भरली. तीन महिन्यांनी सर्टिफिकेट मिळालं. त्यावर क्लासचाच शिक्का! बाबांना वाटायचं नासकॉम म्हणजे सरकारी बोर्ड. खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं.

नासकॉम ही 1988 साली निघालेली सॉफ्टवेअर आणि आयटी सेवा कंपन्यांची संघटना आहे. इतवारीतल्या व्यापाऱ्यांची असते ना, तशीच. फक्त हिचं बोलणं थेट दिल्लीशी. सभासद कंपन्याच होतात, तुम्ही-आम्ही नाही.

या बोलण्याचा फायदा मला झाला. दुसऱ्या कंपन्यांची कामं फोन-नेटवरून करून देणाऱ्या बीपीओंवर दूरसंचार खात्याची नोंदणी, बँक हमी अशी बरीच बंधनं होती, त्यामुळे घरून काम देणं अवघड होतं. ती सैल करा म्हणून नासकॉम कैक वर्षं मागं लागली होती. कोरोनात घरून कामाला तात्पुरती सूट मिळाली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये नियमच बदलले. माझी पहिली नोकरी मानेवाड्यातल्या आमच्या मागच्या खोलीतून झाली, ती त्याच काळात.

पण ती कंपन्यांची बाजू मांडते, हे विसरू नका. जुलै 2024 मध्ये कर्नाटकानं खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण द्यायचं ठरवलं, तेव्हा नासकॉमनं उघड विरोध केला आणि सरकारनं विधेयक लगेच थांबवलं. बरोबर की चूक, यावर आमच्या चहाच्या टपरीवर अजून भांडण होतं. पगार थकला तर मात्र कामगार आयुक्तांकडे जायचं, इथे नाही.

मग नवख्यानं इथून घ्यायचं काय? माझ्या मते सगळ्यात कामाची, आणि कोणी न वाचणारी, गोष्ट म्हणजे क्वालिफिकेशन पॅक. नासकॉमची सेक्टर स्किल कौन्सिल एकेका पदासाठी काय काय यायला हवं ते लिहून ठेवते. मी एक पॅक छापून घेतला आणि खापरीच्या मेट्रोत पेन्सिलीनं खुणा करत वाचला. कोडिंगचं असेलच, पण ‘एन 9001’ क्रमांकाचा भाग म्हणजे दिलेलं काम ठरल्याप्रमाणे कसं पुरं करायचं, ‘एन 9002’ म्हणजे सहकाऱ्यांसोबत काम कसं करायचं, हेही त्यात होतं. मिहानमधल्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: दोन कामं, दोन्ही आजच हवीत, काय कराल? सी प्लस प्लसचं कोणी विचारलंच नाही, बावा.

दुसरं, फ्युचरस्किल्स प्राइम. केंद्राच्या आयटी मंत्रालयासोबतचा उपक्रम आहे, बरेच कोर्स फुकट. आधी ते करा, मग फीचं पाहू.

तिसरं, वार्षिक आढावा. माझा मामेभाऊ 2024 ला पास झाला आणि स्वतःला नालायक समजू लागला. त्याला आकडे दाखवले: नासकॉमच्या अंदाजानं 2022-23 मध्ये या क्षेत्रात 2.90 लाख नोकऱ्या वाढल्या, पुढच्या वर्षी जेमतेम 60 हजार. त्या रात्री तो धड जेवला तरी.

आणि क्लास लावायचाच असेल तर दोन प्रश्न विचारा: पॅकचा कोड कोणता आणि परीक्षा कोण घेणार? समोरचा चाचरला की चहा प्या अन् उठा.