घाटेअळीच्या आतड्यातले जिवाणू: मुक्कामी कोण, वाटसरू कोण?

हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या आतड्यातून जिवाणू वाढवणे अवघड नाही. अवघड आहे ते हे ठरवणे की ते तिथे राहतात, की पानाबरोबर आले आणि विष्ठेबरोबर निघाले. अळ्यांच्या बाबतीत दुसरी शक्यता बरीच मोठी असते, म्हणून खरी मेहनत तुलनेच्या प्लेटांवर (जिवाणू वाढवायचे माध्यम ओतलेल्या चपट्या बशांवर) घ्या.

पाचव्या अवस्थेतल्या (चार वेळा कात टाकलेल्या) दहा-बारा अळ्या घ्या आणि प्रत्येक वेगळ्या कुपीत ठेवा. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. निम्म्यांना शेतातलाच पाला द्या. उरलेल्यांना ऑटोक्लेव्ह केलेले (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेले) हरभरा पिठाचे कृत्रिम खाद्य ४८ तास द्या. या खाद्याच्या नेहमीच्या कृतीत स्ट्रेप्टोमायसिन, फॉर्मॅलिन, मिथाइल पॅराबेन अशी जिवाणू-बुरशी रोखणारी औषधे असतात. ती इथे पूर्ण वगळा, नाहीतर जिवाणू औषधाने मेले की मुळात टिकणारेच नव्हते, हे कळणार नाही. मात्र असे खाद्य लवकर बुरशी धरते. खाद्य आणि कुपी रोज बदला. विष्ठा राहिली तर अळी तीही खाते.

अळी बर्फावर १०-१५ मिनिटे ठेवून निपचित करा. ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट बुडवा, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. तिसऱ्या धुण्याचे ०.१ मिली पाणी प्लेटवर पसरा. तिथे वसाहती (जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) उगवल्या तर त्या अळीचे आकडे टाकून द्या.

मेणाच्या ट्रेमध्ये डोके-शेपूट टाचून पाठीवर उथळ चीर द्या. कात्री खोल गेली की आतडे फाटते. मधली जाड नळी म्हणजे मध्यांत्र. ते १ मिली निर्जंतुक ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात घोटा, दहापटीने सहा वेळा विरल करा, प्रत्येकातले ०.१ मिली न्यूट्रिएंट अगरवर (जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या घट्ट माध्यमावर) पसरा आणि ३० अंशांवर ४८ तास ठेवा. ३० ते ३०० वसाहतींच्याच प्लेटा मोजा. ज्या शेतातल्या अळ्या, तिथल्या पाल्याचीही अशीच प्लेट लावा. उघड्या हवेत ऑक्सिजन न सोसणारे जिवाणू दिसणार नाहीत, हे निष्कर्षात लिहा.

आता सामू (pH). घाटेअळीचे मध्यांत्र चांगलेच अल्कधर्मी असते, म्हणून सामू ७ च्या प्लेटवर जोमाने वाढणारा जिवाणू आत तग धरतोच असे नाही. प्रत्येक वसाहत सामू ७ आणि १० अशा दोन्ही प्लेटांवर रेघ ओढून लावा. सामू १० साठी ९० मिली माध्यमात १० टक्के सोडियम कार्बोनेटचे १० मिली द्रावण घाला, पण दोन्ही वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करून, साधारण ६० अंशांवर मिसळा. एकत्र तापवले तर माध्यम तपकिरी होते आणि अगर नीट घट्ट होत नाही. प्लेट उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सामू उतरतो. एक कोरी प्लेट सोबत ठेवून तिचा सामू pH पट्टीने तपासा.

जिवाणू स्टार्च पचवतो का, ही चाचणी करणार असाल तर ती सामू ७ वरच करा. तिच्यात स्टार्चच्या प्लेटवर आयोडीन ओतले की निळा रंग येतो आणि स्टार्च पचलेली जागा रंगहीन राहते. अल्कधर्मी प्लेटवर आयोडीनचा रंग आपोआप उडतो आणि सगळीकडे पचन झाल्याचा भास होतो.

कृत्रिम खाद्यावरच्या अळीतही टिकला, सामू १० वर वाढला आणि पाल्याच्या प्लेटवर दिसला नाही, तो जिवाणू मुक्कामी असण्याची शक्यता धरून पुढे ओळख पटवायला घ्या.